खुब्याचें जुनें दुखणें आणि भौतिकोपचार

आश्विन महिना लागून सोयाबीनचीं पानें गळूं लागलीं, कीं वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत सोंगणीची घाई उडते. रिसोड-मालेगांवाकडे पहावें, मंगरुळपीर-कारंज्याकडे पहावें, नाहीं तर मानोऱ्याच्या डोंगराळ बाजूस जावें. विळा घेऊन कमरेंत वाकलेल्या माणसांच्या रांगा दिवस उगवतांच शेतांत उतरलेल्या दिसतात. काम बहुधा एकरी ठरावाचें असल्यामुळें मध्यंतरीं पाठ ताठ करावयास कोणास सवड नसते. ह्या रांगेंतील पन्नाशी उलटलेल्या बायकांकडे बारकाईनें पाहिलें, तर त्यांतील एखादी ओळ संपवून उठतांना प्रथम गुडघ्यावर हात टेकते, मग कमरेखालीं बाजूस जो हाडाचा उंचवटा लागतो त्यावर मूठ दाबून धरते, आणि चार पावलें लंगडत टाकल्यावर मगच सरळ चालूं लागते. विचारल्यास ती म्हणते, "वात हाये, दुसरं काय!" घरचे लोकही तेंच म्हणतात, आणि बाजारांतून तेलाची बाटली येते. असें एक वर्ष जातें, दोन जातात. तिसऱ्या वर्षीं ती रांगेंत दिसत नाहीं. ती घरीं नातवंडें संभाळते आणि घरांत येणारी एका माणसाची मजुरी बुडते.

ह्या एका "वात" शब्दाच्या पोटांत निरनिराळीं दुखणीं दडलेलीं असतात, आणि त्यांचे उपाय एकमेकांहून इतके भिन्न आहेत, कीं एकावर जो उपाय लागू पडतो तो दुसऱ्यास बाधक ठरावा. म्हणून पहिला प्रश्न "किती दुखतें" हा नसून "नेमकें कोठें दुखतें" हा आहे. रोग्यानें हात जांघेंत ठेवला, पायांत वहाण घालतांना किंवा पायाचीं नखें कापतांना त्रास होतो असें सांगितलें, मांडी घालून बसणें हळूहळू बंद झालें असेल, तर बहुधा खुद्द खुब्याच्या सांध्यांतच बिघाड असतो. हात जर बाहेरच्या बाजूस, मांडीच्या वरच्या उंचवट्यावर गेला, त्या कुशीवर झोपतां येत नाहीं आणि पायरी चढतांना कळ येते असें सांगितलें, तर दोष प्रायः सांध्याचा नसून त्यास बाहेरून सांवरणाऱ्या स्नायूंचा असतो. आणि कळ जर कुल्ल्यांतून निघून मांडीच्या मागील बाजूनें गुडघ्याखालीं पोटरीपर्यंत, पावलापर्यंत उतरत असेल, तर तिचें मूळ पाठीच्या कण्याच्या तळाशीं शोधावें लागतें. आयुर्वेदांत हिलाच गृध्रसी म्हटलें आहे. ही विभागणी ढोबळ आहे, आणि तज्ज्ञानें हात लावून तपासल्यावांचून ती निश्चित होत नाहीं. तथापि दवाखान्यांत जाणाऱ्यानें "कंबर दुखते" एवढेंच न सांगतां एका बोटानें जागा दाखविली, तर तपासणाऱ्याचें अर्धें काम होतें. ह्या भाषणाचा विषय मुख्यतः दुसऱ्या प्रकारचें दुखणें आणि त्याच्या अनुषंगानें पहिल्या प्रकारचें.

शाळेंतील शरीरविज्ञानाच्या पुस्तकांत खुब्याच्या सांध्यास उखळीचा सांधा असें नांव आहे, आणि तें यथार्थ आहे. मांडीच्या हाडाचें वरचें टोंक चेंडूसारखें गोल असतें आणि तें कटीच्या हाडांतील वाटीसारख्या खोबणींत बसतें. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें. खांद्याचा सांधाही उखळीचाच. परंतु खांद्यास शरीर पेलावें लागत नाहीं, खुब्यास तें जन्मभर पेलावें लागतें. मनुष्य दोन्ही पायांवर उभा असतो तोंपर्यंत भार वांटला जातो. चालूं लागला, कीं प्रत्येक पावलांत एक क्षण असा येतो, कीं सगळें शरीर एकाच खुब्यावर तोललेलें असतें. त्या क्षणीं काय घडतें हें समजल्यावांचून पुढील उपचाराचें मर्म कळावयाचें नाहीं. म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे.

एक तराजू डोळ्यांसमोर आणावा, पण असा, कीं ज्याच्या दोन दांड्या सारख्या नाहींत. त्याचा आंस म्हणजे खुब्याचा गोल. आंतील बाजूची दांडी लांब, आणि तिच्या टोंकास शरीराचा भार लोंबतो. बाहेरील बाजूची दांडी तोकडी, लांब दांडीच्या निम्म्याहूनही कमी. आणि तिच्या टोंकास कटीच्या बाहेरील अंगाचे स्नायू खालीं ओढून धरतात. हे स्नायू कटीच्या हाडावरून निघून मांडीच्या त्या उंचवट्यावर येऊन चिकटतात. दांडी तोकडी असल्यामुळें तराजू समतोल ठेवण्यास त्यांना शरीराच्या भाराच्या दुपटीनें जोर लावावा लागतो, आणि आंसावर, म्हणजे सांध्यावर, दोन्हीकडच्या ओढीची बेरीज येऊन पडते. ही नुसती कागदावरची गणितें नव्हेत. जर्मनींतील संशोधकांनीं कृत्रिम सांध्यांतच मापनयंत्रें बसवून प्रत्यक्ष मोजमाप केलें व तें २००१ सालीं प्रसिद्ध केलें. ताशी ४ किलोमीटर अशा साध्या चालीनें चालतांना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें २.४ पट भार पडतो असें त्यांस आढळलें. म्हणजे ५० किलो वजनाची बाई नुसती वाट चालते तेव्हां तिचा खुबा दर पावलास सुमारें १२० किलो पेलतो. डोक्यावर काडीकचऱ्याचा भारा किंवा पाण्याची घागर आली, कीं तिचेंही वजन असेंच वाढून सांध्यावर उतरतें.

आतां हे बाहेरचे स्नायू दुबळे झाले तर काय होईल? तोकड्या बाजूची ओढ कमी पडेल आणि तराजू कलेल. दुखऱ्या पायावर उभें राहतांच दुसऱ्या बाजूची कटी खालीं झुकते, आणि तोल संभाळण्याकरितां मनुष्य दुखऱ्या बाजूस धड झुकवून चालतो. १८९५ सालीं ट्रेंडेलेनबर्ग नांवाच्या जर्मन शल्यवैद्यानें ह्या खुणेचें वर्णन केलें, आणि आजही रोग्यास एका पायावर उभें करून ती पाहतात. आपल्याकडे अशी झुलती चाल वयाची म्हणून सोडून देतात. वस्तुतः ती पुष्कळदां स्नायूंच्या दुबळेपणाची असते, आणि स्नायू हा शरीराचा असा भाग आहे, कीं जो साठीनंतर, सत्तरीनंतरही मेहनतीनें सबळ होऊं शकतो.

ह्याच तराजूवरून काठीचें कोडेंही उलगडतें. उजवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातांत धरावी? खेड्यापाड्यांतून शंभरांतील बहुतेक माणसें दुखऱ्या बाजूच्याच हातांत ती धरतात, कारण तें स्वाभाविक वाटतें. बरोबर उत्तर उलट आहे: काठी डाव्या हातांत धरावी आणि ती उजव्या पायाबरोबर पुढें टाकावी. डावा हात खुब्यापासून दूर आहे. त्या बाजूची दांडी लांब असल्यामुळें काठीवर टाकलेला थोडासाही भार बाहेरच्या स्नायूंचें पुष्कळ ओझें हलकें करतो. काठीची उंची एवढी असावी, कीं उभें राहून हात सैल सोडला असतां तिची मूठ मनगटाशीं यावी. टोंकास रबरी टोपी असावी. शेणानें सारवलेल्या ओट्यावर किंवा पावसाळ्यांतील फरशीवर नुसतें लांकूड सरकतें. पुष्कळांस काठी म्हणजे म्हातारपणाची कबुली वाटते व ते ती टाळतात. तीन महिने काठी घेऊन पुढें ती टाकून देणें, हें काठीवांचून तीन महिने लंगडून कायमचें लंगडें होण्यापेक्षां केव्हांही शहाणपणाचें.

बाहेरच्या बाजूच्या दुखण्यांत स्नायूंचे जे दोरीसारखे चिवट शेवट हाडास चिकटतात, ज्यांस कंडरा म्हणतात, त्यांचा बिघाड मुख्य असतो. हा त्रास चाळिशीनंतर होतो व पुरुषांपेक्षां बायकांत अधिक आढळतो. कंडरा हाडाच्या उंचवट्यावर ताणून दाबली गेली, कीं ती चिडते. आणि ती नेमकी केव्हां दाबली जाते? मांडी आंतल्या बाजूस ओढली जाते तेव्हां. आपल्या घरांतील बायांचें दिवसभराचें वागणें ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. मूल कडेवर घेतांना बाई एक खुबा बाहेर काढते आणि सारा भार त्या एकाच पायावर सोडते. पाण्याची घागर कमरेवर घेतांना तेंच. नळावर किंवा हापशीवर नंबर लागेपर्यंत, यष्टीची वाट पाहतांना, चुलीशीं भाकरी थापून झाल्यावर उंबऱ्यास टेकून शेजारणीशीं बोलतांना, तीच एका खुब्यावर लोंबकळण्याची ढब. रात्रीं निरोग्या कुशीवर झोपलें तरी वरचा दुखरा पाय पुढें अंथरुणावर पडतो आणि कंडरा रात्रभर ताणलेलीच राहते; मग सकाळीं उठतांना कळ येते आणि दोष थंडीला दिला जातो.

ह्यावर पहिला उपचार औषधाचा नव्हे, वागणुकीचा आहे. उभें राहतांना भार दोन्ही पायांवर ठेवावा. मूल शक्य तों समोर छातीशीं घ्यावें, किंवा घटकेघटकेनें बाजू बदलावी. झोपतांना दोन गुडघ्यांच्या मध्यें गोधडीची जाड घडी ठेवावी, म्हणजे वरचा पाय खालीं ओढला जात नाहीं. पायावर पाय टाकून बसूं नये. आणखी एक गोष्ट येथें मुद्दाम सांगावयास हवी. कमरेच्या कोणत्याही दुखण्यास ताण देण्याचा उपदेश सर्रास केला जातो, आणि गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढून कुल्ल्यास ताण देण्याचा प्रकार तर मोबाइलवरील चित्रफितींतून घरोघर गेला आहे. बाहेरच्या बाजूच्या ह्या दुखण्यांत तो हितकर नसतो. आधींच ताणानें चिडलेल्या कंडरेस तो अधिक ताणतो.

दुसरा उपचार म्हणजे विश्रांति असें पुष्कळांस वाटेल. दुखणें नवें व तीव्र असतां चार-आठ दिवसांची उसंत योग्यच आहे. परंतु जुन्या दुखण्यांत विश्रांतीचा परिणाम विपरीत होतो. न वापरलेला स्नायू दिवसेंदिवस रोडावतो, तराजूची ती तोकडी बाजू आणखी दुबळी होते, आणि पुन्हां काम सुरू करतांच पूर्वींपेक्षां थोड्या श्रमांतच कळ उठते. मग आणखी विश्रांति. ह्या चक्रांत सांपडलेलीं माणसें खाटेवर जातात. उलट, दुखत असतांनाच हट्टानें सोंगणी ओढीत राहणें हेंही घातक, कारण त्यांत भाराचें प्रमाण आपल्या हातीं राहत नाहीं. स्नायूस भार हवा, पण मोजून हवा, आणि आठवड्यागणिक वाढता हवा. भौतिकोपचार, ज्यास फिजिओथेरपी म्हणतात, त्याचा गाभा हा एवढाच आहे.

ह्याचा पडताळा चांगल्या रीतीनें घेण्यांत आला आहे. ऑस्ट्रेलियांत अशाच बाहेरच्या बाजूच्या जुन्या दुखण्याचे ३५ ते ७० वर्षांचे २०४ रोगी घेऊन चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे तीन गट करण्यांत आले. एका गटास दुखण्याची समजूत व वागणुकीचे नियम देऊन व्यायाम शिकविला. दुसऱ्यास दुखऱ्या जागीं स्टेरॉइडची एक सुई दिली. तिसऱ्यास केवळ धीर देऊन वाट पहावयास सांगितलें. त्याचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांनीं पहिल्या गटांतील शेंकडा ७७, दुसऱ्यांतील ५८ आणि तिसऱ्यांतील २९ रोग्यांस स्पष्ट बरें वाटलें होतें. वर्षानंतर हेच आंकडे सुमारें ७९, ५८ आणि ५२ असे होते. ह्या शेवटच्या आंकड्यांकडे नीट पाहिलें असतां दोन गोष्टी दिसतात. सुईचा गुण नुसत्या वाट पाहण्याहून वर्षाअखेर फारसा पुढें राहिला नाहीं. आणि कांहींच न करणाऱ्यांतीलही निम्मे लोक कालांतरानें सुधारले. म्हणजे ज्यास त्यास तेलाचा, ताइताचा किंवा मंतरलेल्या धाग्याचा गुण आला असें जें वाटतें, त्यांत काळाचा वाटा मोठा असतो.

प्रत्यक्ष व्यायाम दिसावयास अगदीं साधे आहेत. इतके साधे, कीं रोग्याचा त्यांवर विश्वासच बसत नाहीं. आरंभीं उताणें निजून गुडघे दुमडावे, टाचा जमिनीवर टेकाव्या आणि कंबर सावकाश उचलून पांच मोजेपर्यंत वर धरावी. हें दहा वेळां सुखानें होऊं लागलें, म्हणजे भार एका पायावर अधिक घ्यावा. दुसरा प्रकार ओट्यावरून उठण्याचा. गुडघ्याएवढ्या उंच ओट्यावर किंवा खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेतां उठावें, आणि बसतांना धपकन न बसतां चार मोजीत बसावें. खरें काम बसतांना होतें. उठण्यापेक्षां बसण्याकडे लक्ष असावें. तिसरा प्रकार उभ्यानें: भिंतीस हात टेकून, धड न झुकवतां एक पाय बाजूस सरकवावा आणि परत आणावा, ह्यांत जो पाय जमिनीवर रोवलेला असतो त्याचाही खुबा कामाला लागतो. पुढें पायरीचा व्यायाम येतो. उंबऱ्याएवढ्या ठेंगण्या पायरीवर दुखरा पाय ठेवून सावकाश चढावें व उतरावें. कटी एका बाजूस झुकूं देऊं नये. समोर आरसा असल्यास बरें, नसल्यास घरांतील एखाद्या मुलास पहावयास बसवावें. मुलें अशा चुका काढण्यांत मोठीं तत्पर असतात.

व्यायाम करतांना थोडें दुखलें तर काय करावें, ही खरी अडचण असते. दुखण्यास शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावे. शून्य म्हणजे मुळींच नाहीं, दहा म्हणजे असह्य. व्यायामांत चारपर्यंत दुखलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत तें पूर्ववत् झालें, तर भार योग्य आहे असें समजावें. रात्रीं झोप मोडली किंवा सकाळीं अधिकच लंगडूं लागलें, तर व्यायाम बंद न करतां आवर्तनें निम्मीं करावीं. गुण यावयास आठ ते बारा आठवडे लागतात. पेरलेल्या हरभऱ्याचें रोप उगवलें कीं नाहीं हें पाहण्यास माती उकरूं नये हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. परंतु तोच शेतकरी चौथ्या दिवशीं दवाखान्यांत येऊन "गुण नाहीं" म्हणतो.

खुद्द सांध्याच्या झिजेच्या बाबतींत मात्र एवढ्या जोरानें बोलतां येत नाहीं. कूर्चा एकदां झिजली, कीं व्यायामानें ती परत येत नाहीं. अनेक चांचण्यांचा एकत्र विचार करून २०१४ सालीं जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यांत व्यायामानें झिजलेल्या खुब्याचें दुखणें कमी होतें व हालचाल सुधारते, पण हा लाभ माफकच असतो, असें दिसून आलें. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांतील दुसऱ्या एका चांचणींत, हातानें सांधा हलविणें, व्यायाम व सल्ला असा बहुविध उपचार नुसत्या लटक्या उपचारापेक्षां सरस ठरला नाहीं. हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तरीही झिजेच्या रोग्यानें स्नायू सबळ ठेवावे, वजन अधिक असल्यास उतरवावें, काठी वापरावी, उकिडवें बसणें टाळावें आणि शौचास उंच बैठक किंवा मध्यें भोंक असलेली खुर्ची वापरावी. ह्यानें कित्येकांचीं वर्षें सुसह्य होतात, आणि पुढें शस्त्रक्रियेनें सांधा बदलावा लागलाच तर सबळ स्नायूंचा मनुष्य लवकर उभा राहतो.

विजेच्या यंत्रांविषयीं एक शब्द. आपल्याकडे भौतिकोपचार म्हणजे कातडीस तारा लावून मुंग्या आणणारें यंत्र, किंवा दुखऱ्या जागीं फिरवावयाचा ध्वनिलहरींचा दांडा, अशी पुष्कळांची समजूत आहे; यंत्र लागलें नाहीं तर पैसे वायां गेले असें त्यांस वाटतें. ब्रिटनमधील ज्या अधिकृत संस्थेकडून वैद्यकीय मार्गदर्शन प्रसिद्ध होतें, तिनें २०२२ सालीं सांध्यांच्या झिजेवर अशीं विद्युत्-उपचारांचीं यंत्रें वापरूं नयेत असा स्पष्ट सल्ला दिला. गरम पाण्याचा शेक घरीं घेण्यास कांहीं हरकत नाहीं. त्यानें घटकाभर आराम वाटतो आणि व्यायाम सुखानें होतो. पण शेक ही प्रस्तावना आहे, ग्रंथ नव्हे.

ज्या ठिकाणीं व्यायामाचें नांवही काढूं नये अशीं कांहीं दुखणीं आहेत. म्हातारें माणूस न्हाणीघरांत किंवा अंगणांत पडलें, उठवेना, त्या बाजूचा पाय आंखूड व बाहेर वळलेला दिसूं लागला, तर मांडीच्या हाडाची मान मोडली असें समजून चालावें. अशा माणसास खाटेवर निजवून तेल चोळण्याची किंवा हाडवैद्याकडून पाय ओढून घेण्याची चाल अजून समूळ गेलेली नाहीं. तिनें माणसें अंथरुणास खिळतात, पाठीस जखमा होतात, छातींत कफ सांचतो आणि कांहीं महिन्यांत तीं जातात. अशा वेळीं १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, पाय आहे तसा उशांनीं टेकवून ठेवावा आणि शस्त्रक्रिया होईल अशा ठिकाणीं न्यावें. तसेंच ताप येत असेल, वजन उतरत असेल, स्वस्थ पडलें असतांही रात्रीं ठणका लागत असेल, किंवा लहान मूल अकस्मात् लंगडूं लागलें असेल, तर प्रथम डॉक्टर, मग इतर कांहीं; खुब्याचा क्षय अजून आपल्यांतून नाहींसा झालेला नाहीं.

विदर्भापुरती आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ह्या प्रांतांतील कांहीं समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्या तुंबवितात, आणि मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून तो आंतून मरूं लागतो. तरण्या मुलामुलीस जांघेंत सतत दुखत असेल तर तें "खेळतांना लचकलें" म्हणून सोडूं नये. रक्ताची तपासणी करून घ्यावी. ह्या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली असून तपासणी हा तिचा मुख्य भाग आहे. हाडाचा गोल असाच मरण्याचीं आणखी दोन कारणें म्हणजे अति मद्यपान आणि स्टेरॉइड वर्गाचीं औषधें. चिठ्ठीवांचून मिळणाऱ्या बिननांवाच्या पुड्यांनीं ज्यास रात्रींतून गुण येतो, त्यानें त्या पुडींत काय आहे हें विचारण्याची तसदी अवश्य घ्यावी.

व्यायामानें व्याधि हटवावी ही कल्पना नवी नाहीं. स्वीडनमध्यें पेर लिंग ह्यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामाची जी संस्था काढली, तींत निरोग्यांबरोबर रोग्यांसाठींही पद्धतशीर व्यायाम योजिले जात. वऱ्हाडांतही १९१४ पासून अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, आणि त्याच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिन येथें देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें केलीं होतीं. पण आखाडा तरुणांचा, खाट म्हाताऱ्यांची, अशी आपली वांटणी पडून गेली. भौतिकोपचाराचें रीतसर शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत सुरू झालें. १९५५ सालीं मुंबईंतच हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. भौतिकोपचाराचा पदवीधर हा मालिश करणारा नव्हे. स्नायूंचें बळ मोजणारा, भार ठरविणारा आणि चुकीची चाल सुधारून देणारा तो एक प्रकारचा शिक्षकच होय. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला, आणि २०२४ सालीं वाशीम येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें; त्यापूर्वीं अशा शिक्षणसंस्थेच्या रुग्णालयासाठीं लोकांस अकोल्याची वाट धरावी लागे.

तरीही अंतर उरतेंच. मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरून जिल्ह्याच्या गांवीं यावयाचें म्हणजे सबंध दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते, शिवाय दोन्हीकडचें भाडें. रोज येऊन दहा दिवस यंत्र लावून घ्या, हा सल्ला अशा बाईस उपचार नाकारण्यासारखाच आहे. ऑस्ट्रेलियांतील त्या चांचणींत आठ आठवड्यांत शिक्षकाच्या भेटी चौदा होत्या, ही गोष्ट खरी. परंतु त्या रोग्यांनाही व्यायाम घरीं रोज करावाच लागे, आणि स्नायू सबळ होतो तो घरच्या त्या आवर्तनांनीं. म्हणून रोग्यानें पहिल्या भेटींतच स्पष्ट सांगावें, कीं आपण तीन वेळांच येऊं शकतों. पहिल्यानें व्यायाम शिकावयास, तीन आठवड्यांनीं भार वाढवून घ्यावयास, आणि दोन महिन्यांनीं तपासून घ्यावयास. बरोबर घरांतील एखादें शिकणारें मूल आणावें. व्यायाम त्यानें वहींत उतरून घ्यावा, किती वेळां तें लिहावें आणि मोबाइलवर आईची किंवा आजीची चाल टिपून घ्यावी. पुढच्या भेटींत ती दाखवितां येते.

सोंगणी आटोपून हरभरा पेरला गेला, म्हणजे मळणी, वेचणी व पाण्याच्या पाळ्या सांभाळूनही बाईस दिवसाकाठीं वीस मिनिटें काढतां येण्याजोगे कांहीं आठवडे मिळतात. आरंभ करावयास तोच काळ बरा. पहिल्या दिवशीं भिंतीस एका बोटाचा आधार घेऊन दुखऱ्या पायावर उभें रहावें आणि कळ किती मोजेपर्यंत येत नाहीं तें वहींत लिहून ठेवावें. तीस मोजेपर्यंत कळ आली नाहीं आणि कटी झुकली नाहीं, असें झाल्यावर मगच डोक्यावर भारा घ्यावा. प्रथम अर्धा, मग पाऊण. बरें वाटल्यावरही आठवड्यांतून दोन वेळां पायरीचा आणि ओट्याचा व्यायाम चालू ठेवावा, निदान पुढच्या आश्विनांतील सोंगणी पार पडेपर्यंत.